शेवटचा रकाना

केबलचं टोक बसेना. सुलेखा हिवराळे लाँचच्या इंजिनखान्यात गुडघ्यांवर बसली होती. एका हातात मोबाइलचा उजेड, दुसऱ्या हातात केबल, आणि कंट्रोलरची खाच नेमकी अशा जागी, की हात गेला तर डोळा जाईना आणि डोळा गेला तर हात पोचेना. ही पेटी इंजिनाच्या मागच्या भिंतीला लावायची अक्कल कुणाची, असं ती पुटपुटली. मग तिला आठवलं, की वाळूजच्या ऑफिसात बसून आराखड्यात ती जागा तिनंच दाखवली होती. आराखड्यात तिथं भरपूर मोकळं दिसत होतं.

"उजेड धरू का, मॅडम?" वरून पुंडलिक लिंबोरेनं विचारलं.

"धरा."

तो आत उतरला नाही, दोघांना जागाच नव्हती. फळीच्या कडेला पालथा पडून त्यानं बॅटरी धरलेला हात आत सोडला. झोत बरोबर खाचेवर पडला. केबल बसली, मांडीवरच्या लॅपटॉपनं बारीकसा आवाज केला आणि सुलेखानं पाठ इंजिनाला टेकली. इंजिन गार होतं. ते तिला बरं वाटलं. अख्ख्या आठवड्यात पाठ टेकायला मिळालेली ही पहिलीच गार जागा होती.

सोमवारी सिल्लोडला जिनिंगवाल्याचा जनरेटर, मंगळवारी लासूर स्टेशनला कांद्याच्या व्यापाऱ्याचा, मध्ये दोन दिवस कारखान्यातच, आणि आज हे. हाताखालची दोन पोरं दिवाळीचीही वाट न बघता पुण्याला निघून गेली होती, त्यांची कामंही तिच्याच गळ्यात पडली होती. सकाळी भावसिंगपुऱ्यातून स्कूटर काढायची, रात्री परत लावायची. मधल्या काळात फोन वाजत राहायचा आणि पलीकडचा प्रत्येक माणूस आपलंच काम तातडीचं आहे असं सांगायचा. ते खरंही असायचं, त्यामुळे चिडताही येत नव्हतं.

"च्या आणू?" पुंडलिकनं विचारलं.

"नको, भाऊ. आधी हे उरकू."

लाँच नव्या बोरदरीच्या घाटाला बांधलेली होती. जुनी बोरदरी धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा सरकारनं गाव उचलून गंगापूरच्या अंगाला आणून बसवलं. बाजार, हायस्कूल आणि निम्म्या सोयरिकी मात्र पलीकडच्या तीरावर राहिल्या. रस्त्यानं जायचं तर कायगावच्या पुलाचा वळसा, त्यात दिवस मोडायचा. म्हणून मच्छीमार सोसायटीनं ही लाँच घेतली आणि चालवायला पुंडलिकला ठेवलं. त्याचा बाप याच पाण्यावर होडी वल्हवायचा.

जिथं निम्मा जिल्हा उन्हाळाभर टँकरची वाट बघतो, तिथं बोटीच्या इंजिनाचं काम निघेल असं सुलेखाच्या कंपनीत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कंपनी जनरेटरच्या कंट्रोल पेट्या करायची. सोसायटीची मागणी आली तेव्हा मालक अभय सर फार खूश झाले. ते वयानं तिच्याहून लहान होते, उत्साही होते, आणि पाणी असो की जमीन, डिझेल इंजिन ते डिझेल इंजिन, असं त्यांचं म्हणणं होतं. सुलेखालाही तेव्हा ते पटलं होतं.

तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात धोक्याचं नाव, दुसऱ्यात तो धोका कितव्या आकड्याला धरायचा ते, आणि शेवटच्या रकान्यात, धोका आला तर पेटीनं इंजिनाचं काय करायचं ते. तिथं तीनच पर्याय होते. नुसती सूचना दे. वेग कमी कर. बंद कर.

इंजिन गार ठेवणारं पाणी तापल्याच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'बंद कर' होतं. ते तिनंच भरलं होतं. नोकरीत लागल्यापासून प्रत्येक जनरेटरला ती तेच भरत आली होती, आणि तेच बरोबर होतं. जनरेटर बंद पडला तर लिफ्ट अडकते, लग्नातला डीजे थांबतो, मालक चार शिव्या घालतो. पण इंजिन वाचतं. तिनं वाचवलेल्या इंजिनांबद्दल गिऱ्हाइकांनी तिला कारखान्यात पेढे आणून दिले होते. या लाँचची पेटी भरतानाही तिचा हात सवयीनं त्याच पर्यायावर गेला. खाली पाणी असणार आहे, हे तिच्या मनातच आलं नाही. कारखान्यात दुसऱ्याही कुणाच्या आलं नाही.

गेल्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, भरलेली लाँच मध्यावर असताना इंजिन तापलं. पाणी आत ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीत जलपर्णी अडकली होती. पेटीनं तिला शिकवलं होतं तेच केलं, इंजिन वाचवलं. पुंडलिक चावी फिरवत राहिला आणि पेटी नको म्हणत राहिली. वारा सुटला होता. लाँच आडवी होऊन वाहत गेली आणि जुन्या बोरदरीच्या बुडालेल्या बाभळींच्या खुंटांवर जाऊन कलली. बाया रडल्या, पोरं किंचाळली. शेवटी मासे धरणाऱ्यांच्या होड्यांनी सगळ्यांना काढलं. माणसं सगळी वाचली. गोजरबाईची विकायला नेलेली शेळी मात्र गेली.

तेव्हापासून लाँचवर कुणी चढत नव्हतं. पुंडलिक रोज दोन्ही वेळेला रिकामी लाँच पलीकडे न्यायचा आणि रिकामीच आणायचा, कारण फेरी बंद केली तर कायमची बंद होईल अशी त्याला भीती होती. असंच राहिलं तर दिवाळीनंतर लाँच विकून टाकायची, असं सोसायटीनं ठरवलं होतं. गाव म्हणत होतं, पुंडल्यानं जाळी साफ केली नाही.

आणि सोसायटीचा फोन आल्यावर सुलेखानं कारखान्यातल्या संगणकावर या लाँचच्या तक्त्याची नक्कल उघडली होती आणि शेवटच्या रकान्यात तिला तिचंच 'बंद कर' दिसलं होतं.

अभय सरांना तिनं त्याच दिवशी सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

"सगळेच तसं भरतात, ताई. मीही तेच भरलं असतं," ते म्हणाले होते. "तुम्ही जा आणि बदलून या. पण तिथं चूक वगैरे शब्द काढू नका. नेहमीची तपासणी म्हणा. उगाच गाव आपल्यावर यायचं."

तिनं मान हलवली होती. वाद घालायला जोर लागतो, तो त्या दिवशी तिच्यात नव्हता.

आता तिनं 'बंद कर' पुसलं. पाणी तापायला लागलं की आधी भोंगा, आणखी तापलं की वेग निम्मा. बंद करायचं की नाही, ते चालवणाऱ्याच्या हातात. एवढंच. तीन ओळी. ती तक्त्याकडे बघत राहिली. महिनाभर गावाची झोप ज्यानं उडवली, ते दुरुस्त करायला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

"भाऊ, मेन स्विच बंद करा. शंभर मोजा आणि चालू करा."

"पुन्ना बंद कामून?"

"त्याशिवाय नवीन आकडे धरत नाही ही."

पुंडलिकनं स्विच पाडला आणि खरोखरच मोठ्यानं शंभर मोजले. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया धुणं थांबवून बघायला लागल्या. पेटी परत जागी झाली. सुलेखानं तक्ता पुन्हा उघडून पाहिला आणि मग ती इंजिनखान्यातून बाहेर आली. गुडघ्यांत कळ आली, तिनं फळीचा आधार घेतला.

"आता बघू," ती म्हणाली. "दोर घट्ट आहेत ना? गिअर टाका आणि वेग वाढवा. लाँच जागची हलणार नाही, पण इंजिनावर ओझं येईल. मी खालून पाणी आत घ्यायचा कॉक निम्मा बंद करते. मुद्दाम तापवायचंय."

पुंडलिकचा चेहरा उतरला.

"मुद्दाम?"

"मी आहे ना."

त्यानं चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. गिअर पडला, दोर ताणले गेले, मागं पाणी घुसळून गढूळ झालं. सुलेखानं कॉक अर्धा फिरवला आणि ती त्याच्या शेजारी सुकाणूपाशी येऊन उभी राहिली. समोरच्या काट्याकडं दोघंही बघत होते. काटा काही वेळ हलला नाही, मग हळूहळू वर सरकू लागला. पुंडलिकच्या कपाळावर घाम आला. त्यानं तो पुसला नाही, कारण त्याचा एक हात सुकाणूवर आणि दुसरा चावीवर होता.

भोंगा वाजला.

पुंडलिक दचकला, त्याची बोटं चावीवर आवळली गेली. सुलेखानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा."

भोंगा कर्कश वाजत राहिला. काटा आणखी वर गेला. मग इंजिनाचा आवाज खाली उतरला, दोर जरासे सैलावले. पण पाण्यातला पंखा फिरत होता, मागं पाणी ढवळत होतं. इंजिन चालतच राहिलं. खाली जाऊन सुलेखानं कॉक पुरता उघडला आणि थोड्या वेळानं भोंगा आपोआप गप्प झाला.

पुंडलिकनं इंजिन बंद केलं. घाटावर एकदम शांत झालं. बायांनी पुन्हा धुणं आपटायला घेतलं.

"आता बंद नाय पडलं," तो म्हणाला.

"नाही पडणार. ओरडेल, हळू होईल, पण चालत राहील."

"किती येळ?"

"तीर गाठेपर्यंत तरी चालेल. त्यानंतर इंजिन खराब झालं तर होऊ दे. इंजिन बदलता येतं."

त्यानं मान डोलावली. खिशातून फडकं काढून तो सुकाणूचं चाक पुसायला लागला. चाक स्वच्छच होतं.

"मंग त्या दिवशी कामून बंद पडलं?"

त्याच्या विचारण्यात कसलाही डाव नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं. नेहमीची तपासणी, हे शब्द सुलेखाच्या तोंडात तयार होते. येताना कारखान्याच्या जीपमध्ये तिनं ते घोकलेही होते. पण खोटं बोलायचं म्हणजे ते पुढं सांभाळावं लागतं, त्याच्यावर आणखी दोन गोष्टी रचाव्या लागतात, आणि ती इतकी थकली होती की तिला ते झेपणारच नव्हतं.

"माझ्यामुळं," ती म्हणाली.

"आँ?"

"पेटीत मी चुकीचं भरलं होतं, भाऊ. जमिनीवरच्या इंजिनाला भरतात तसं. तापलं की बंद हो, असं. ते काढायलाच मी आले आज."

पुंडलिकचा हात चाकावर थांबला. मग त्यानं फडकं खाली टाकलं, लाँचवरून घाटावर उडी मारली आणि तिच्याकडं पाठ करून पायऱ्यांवर उभा राहिला. सुलेखा जागची हलली नाही. काही तरी ऐकून घ्यावं लागणार, याची तिनं तयारी केली होती. त्यात तिला एक प्रकारची सुटकाही वाटत होती.

तो परत फिरला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"महिना झाला, मॅडम," तो दबक्या आवाजात म्हणाला, कारण बाया जवळच होत्या. "महिना झाला म्या आठवून ऱ्हायलो. त्या दिवशी सकाळी जाळी काढली व्हती का नाय. काढली आसं वाटतं. मंग वाटतं, ते आदल्या दिवशीचं आसंल. घरची इचारती, सोसायटीवाले इचारतेत. लेकरू झोपंतून उठून रडतं, ते बी व्हतं ना लाँचीत. म्या काय सांगू? मला आठवतच नाय."

"जाळी भरलेली होती, ते खरं आहे," सुलेखा म्हणाली. तिला त्याला खोटा दिलासाही द्यायचा नव्हता. "पण त्यानं नुसतं तापलं असतं. तुम्ही हळूहळू का होईना, सगळ्यांना तीराला आणलं असतं. बंद पडलं ते माझ्या आकड्यानं."

"म्हंजी आणलं असतं म्या?"

"आणलं असतं."

"वारा सुटला व्हता तरी?"

"तरी. इंजिन चालू असतं तर वाऱ्याचं काय चाललं असतं तुमच्यापुढं?"

पुंडलिक लाँचच्या काठावर बसला. दोन्ही हात मांडीवर टाकून तो पाण्याकडं बघत राहिला. त्याचे खांदे खाली आले. महिनाभर कुणी तरी मानगूट धरून ठेवलेली असावी आणि आता सोडली, असा तो बसला होता. सुलेखाला फार लाज वाटली. तिनं पाण्याची बाटली त्याच्यापुढं केली, त्यानं ती घेतली, पण उघडली नाही.

"मी गावात सांगते," ती म्हणाली. "आत्ताच चला. सोसायटीच्या लोकांना बोलवा, देवळापुढं, नाही तर शाळेपुढं, कुठंही. मी सगळ्यांसमोर सांगते की चूक तुमची नव्हती."

"सायेब काय म्हनतील तुमचे?"

"म्हणतील काय म्हणायचं ते."

ती घाटावर उतरली. बोलून गेल्यावर तिच्या अंगात बऱ्याच दिवसांनी जरा बळ आलं होतं. चार माणसांसमोर उभं राहायचं, एकदाच बोलायचं, ज्यांना शिव्या द्यायच्या त्यांनी द्यायच्या, आणि रात्री घरी जाऊन आडवं व्हायचं. झोप लागली असती. पुंडलिकही उठला, तिच्या मागं पायऱ्या चढायला लागला. त्याच्या चालण्यातच त्याचा आनंद दिसत होता. अर्ध्या वाटेवर त्याची पावलं थांबली.

"मॅडम."

"काय?"

"नगं."

तिला वाटलं, तो घाबरला. "तुमच्यावर काही येणार नाही, भाऊ. उलट—"

"तसं नाय." तो खालच्या पायरीवर बसला आणि त्यानं तिलाही हातानं बसायची खूण केली. "माझा कसूर हाय म्हणलं, तर लोकं मला शिव्या देतेत. देऊ द्या. चार दिस देतील, मंग इचारतील, जाळी साफ केली का रं पुंडल्या? म्या म्हनीन, केली. दावीन बी त्याहीला. मंग बसतील. माणसाला इचारता येतं ना, मॅडम. पन आपण म्हणलं, का पुंडल्यानं काय बी केलं नव्हतं, ती पेटीच आपल्या मनानं बंद पडली, वाळूजला बसून कुणीतरी आकडा घातला म्हणून. मंग ते कुणाला इचारतील? पेटीला?"

"पण आता पेटी बरोबर आहे. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"म्या पाह्यलं. गोजरकाकूनं नाय पाह्यलं. आन तुमी पयल्यांदा पेटी दिली तवा बी बरोबरच हाय म्हनले व्हते."

म्हटलं होतंच. पेटी सुरू करून द्यायला कारखान्याची माणसं आली तेव्हा सोसायटीनं नारळ फोडला होता आणि तिनं फोनवरून सगळ्यांना सांगितलं होतं, की आता डोळे झाकून चालवा.

"तुमच्या नावाचं काय?" तिनं विचारलं.

"गावात ऱ्हायचंय मला. नाव व्हईल दुरुस्त पाच-धा फेऱ्यात. लाँच एकदा इकली, का पुन्ना येत नाय. मला कळलं, तेवढं लई झालं. घरी सांगीन. लेकराच्या आईला सांगीन. बाकी कुणाला नगं."

तो उठला, खाली गेला, वाकून त्यानं फडकं उचललं आणि दोर तपासायला लागला. सुलेखा पायरीवरच बसून राहिली. मघाचं बळ कुठं गेलं ते तिला कळलं नाही. एवढ्या लांब येऊन, सगळं कबूल करून, चुकीचं गाठोडं तिच्याच मांडीवर परत आलं होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून ते खाली ठेवताही येईना.

लाँच चालवून बघायची बाकी होती. पलीकडे जाऊन यायचं, भर पाण्यात काटा कसा वागतो ते बघायचं, मग जीप. ती लॅपटॉप सावरत आत चढत होती, तेवढ्यात वरच्या वाटेनं एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत वांगी, अंगावर हिरवं लुगडं. तिच्या मागं, जरा अंतर ठेवून, आणखी सात-आठ माणसं होती. आज पलीकडे बाजार होता. कंपनीची बाई आली आहे आणि तिनं लाँच बांधल्या जागी तासभर गुरगुरवली, ही बातमी धुणाऱ्या बायांनी पोचवली असणार.

"गोजरकाकू," पुंडलिक हळूच सुलेखाला म्हणाला. "शेळीवाली. ती बसली, तर गाव बसंल."

गोजरबाई शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तिनं लाँचकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि मग सुलेखाला आपादमस्तक न्याहाळलं. मागच्या माणसांनी तिच्या मागंच थांबणं पसंत केलं.

"ह्याच का कंपनीच्या बाई?"

"व्हय, काकू."

"काय झालं व्हतं वं बाई मशीनला?"

प्रश्न सरळ तिला होता. सुलेखानं तोंड उघडलं. पुंडलिक दोराची गाठ सोडत होता, तो थांबला, पण त्यानं वर पाहिलं नाही. त्याचा हात मात्र गाठीवर घट्ट आवळलेला तिला दिसला.

"मशीनला काय नाय झालं, काकू," शेवटी तोच म्हणाला. "जाळी भरली व्हती. म्या बघितली नाय. माझाच कसूर हाय."

महिनाभरात त्यानं हे कधी कबूल केलं नव्हतं. मागच्या माणसांत कुजबुज झाली.

"आता म्हणतो!" गोजरबाईचा आवाज चढला. "महिना झाला तोंड लपवीत हिंडतो, आन आता म्हणतो! माझी गाभण शेळी गेली रं भाड्या. पोरीसारखी सांभाळली व्हती. तुजा बाप कवा झोपला नाय वल्हं हातात घेऊन, आन तुला एक जाळी बघाया व्हईना?"

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हनं. साफ केली का आज?"

"केली. हे बगा." त्यानं वाकून जाळी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. ओली, चकचकीत, एक काडी नाही. गोजरबाईनं जाळीत बोट घालून पाहिलं. मग आणखी दोघा-तिघांनी पुढं येऊन बोट घातलं. एकानं ती उन्हात धरून आरपार बघितली आणि पुंडलिकला परत दिली.

गोजरबाईनं पाटी आधी लाँचमध्ये ठेवायला लावली. मग लुगडं सावरून, पुंडलिकचा हात न घेता, ती चढली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळे चढले. लाँच प्रत्येकाच्या ओझ्यानं थोडी थोडी खाली बसत गेली. पुंडलिक मोजत नव्हता, पण प्रत्येक पाऊल फळीवर पडलं की त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुलेखाला त्याच्याकडं बघवेना.

"या बाई, हितं बसा. सावली हाय," गोजरबाईनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. सुलेखा बसली. म्हातारीनं तिच्या हातांकडं पाहिलं. काळं तेल कोपरापर्यंत माखलं होतं. "लई दमल्या तुमी. एवढ्या लांबून आमच्यासाठी आल्या. तुमचे उपकार हायेत."

"नाही हो, मावशी."

"नाही कसं? तुमी शिकल्यासवरल्या मान्सं. आमचं काय ऐकत नाय हा." तिनं सुकाणूपाशी उभ्या पुंडलिककडं हनुवटी उडवली. "चार शब्द सुनवा त्याला. तुमच्या तोंडून आलं म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

लाँचमधले सगळे तिच्याकडं बघायला लागले. कुणीतरी लहान पोराला गप्प केलं. पुंडलिकनं मागं वळून तिच्याकडं पाहिलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोला.

हे वाक्य आपण जन्मभर विसरणार नाही, हे तिला ते उच्चारायच्या आधीच कळलं.

"पुंडलिकभाऊ," ती म्हणाली, "जाळी रोज साफ करत जा. तुमच्या भरवशावर बसतात ही माणसं."

"व्हय, मॅडम. पुन्ना आसं नाय व्हणार," पुंडलिक खाली मान घालून म्हणाला, आणि त्यानं चावी फिरवली.